धोपटी

आमच्या घरापासून मुरबाडच्या पेठेतील वडापर्यंत जाण्यास दोन वाटा होत्या. एक पेठेतून सरळ जाणारी, जवळची. दुसरी भातखाचरांच्या बांधांवरून वळसा घेणारी, लांबची. माझे वडील पहाटेच शेतावर जात व तेथून परस्पर वडाखाली हजामतीला येऊन बसत. सुटीच्या दिवशी त्यांची धोपटी घरून त्यांच्याकडे पोचती करणे हे माझे काम असे. धोपटी म्हणजे न्हाव्याची पिशवी. तिच्यात वस्तरा, कातर, नराणी, वाटी आणि एक लहानसा आरसा एवढाच संसार. पण ती हातात घेतली की मला पेठेतून जाववत नसे. वर्गातले कोणी पाहील, या भीतीने मी बांधावरची वाट धरीत असे.

मी सातवीत होतो त्या वर्षीची गोष्ट. एक जानेवारीच्या संध्याकाळी गुरुजी आम्हां दहाबारा मुलांना घेऊन सिद्धगडाकडे निघाले. काही अंतर एस. टी.ने व पुढे पायी चालून आम्ही सिद्धगडाच्या पायथ्याशी पोहोचलो. थंडी कडाक्याची होती. सह्याद्रीचे कडे काळोखात उभे होते. शेकोटीभोवती बसल्यावर गुरुजी सांगू लागले.

"भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब न्हाव्याच्या घरी झाला."

मी चमकून वर पाहिले. सगळी मुले आपल्याकडेच पाहत आहेत, असे मला वाटले. वास्तविक सगळ्यांच्या नजरा गुरुजींकडे होत्या.

गुरुजी सांगत होते. माथेरान हे श्रीमंतांच्या हवापालटाचे ठिकाण. पाहुण्यांचे ओझे डोंगरावर चढवणारे हमाल आणि माणसांनी भरलेली रिक्षा हातांनी ओढणारे गडी मात्र अर्धपोटी असत. अशा गावातला हा मुलगा शिक्षणासाठी पुण्यास गेला, पदवीधर झाला, पुढे कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन वकील झाला. वकिलीचा काळा डगला अंगावर चढल्यावर मुंबईपुण्यास राहून सुखाने दिवस काढता आले असते. पण भाई आपल्या माणसांत परतले. ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. ज्या गावात त्यांच्या वडिलांनी लोकांची डोकी भादरली, त्याच गावाचा कारभार पाहण्यास ते बसले.

तरी खुर्चीत ते अडकले नाहीत. खाली कर्जत तालुक्यातल्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. पावसाळ्यात घरातले भात संपले की गरीब कुळे सावकाराकडून खावटी घेत आणि सुगीला मणाचे दीड मण फेडता फेडता पुन्हा रिकामी होत. हे पाहून भाईंनी धान्यकोठी उभी केली. अडीच्या वेळी दाणा मिळावा व त्यासाठी कोणापुढे नाक घासावे लागू नये, हा तिचा हेतू.

"मग आले १९४२ चे ऑगस्ट आंदोलन," गुरुजी म्हणाले. "भाई भूमिगत झाले. त्यांनी आझाद दस्ता उभारला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे त्यांच्या साथीदारांनी रात्री पाडले."

माझ्याने राहवले नाही. "गुरुजी, वकील असून त्यांनी कायदा मोडला?"

गुरुजी क्षणभर थांबले. "ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना न विचारता केलेला तो कायदा होता, बाळ. तो पुरता शिकल्यामुळेच त्याच्यात आपल्या माणसांना जागा नाही हे भाईंना कळले. आणि तो मोडण्याची किंमतही त्यांना ठाऊक होती. ती त्यांनी दुसऱ्याला भरायला लावली नाही."

ती किंमत याच रानात चुकती झाली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी दस्त्याच्या तळावर छापा घातला. गोळीबारात हिराजी पाटील व भाई कोतवाल हुतात्मे झाले. भाईंचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

उजाडता उजाडता आम्ही स्मारकापुढे उभे राहिलो. गावोगावची माणसे जमली होती. फुले वाहताना कोणी कोणाची जात विचारत नव्हते. मी मान खाली घालून उभा होतो. मला आठवत होती ती बांधावरची वाट. ज्याच्या पायाशी सारा मुलूख फुले वाहत होता, त्याच्याही घरी अशीच एक धोपटी असेल. आणि माझी मी चोरासारखी नेत होतो! शाळेचे शुल्क, अंगावरचा सदरा, खिशातले एस. टी.चे पैसे, सारे त्या धोपटीतूनच आले होते. लाज धोपटीची नव्हे, माझी मलाच वाटली.

पुढच्या सुटीला मी धोपटी खांद्याला लावली आणि पेठेतून सरळ निघालो. वाटेत वर्गातली दोन मुले भेटली. छातीत धडधडले, पण पाय थांबले नाहीत. मुलांनी हाक मारली, मीही ओ दिली.

वडाखाली वडील वाट पाहत होते. त्यांनी धोपटी घेतली, वस्तरा काढून धार पाहिली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"आज लवकर आलास."