पाच वाजल्यानंतरचं लातूर

लातूरची ओळख करून द्यायची तर गंजगोलाईपासून सुरुवात करावी लागते. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिथून चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. सोयाबीन आणि तूर यांच्या उलाढालीसाठी हे गाव व्यापाऱ्यांना माहीत. बाकीच्या जगाला ते दोन बातम्यांमुळे कळलं. एक, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. आणि दुसरी, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे.

पण मराठवाड्यातल्या आईबापांना विचाराल तर ते तिसरीच ओळख सांगतील: 'लातूर पॅटर्न'. दयानंद आणि राजर्षी शाहू या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी जादा तास घेऊन, सराव परीक्षांवर सराव परीक्षा घेऊन खेड्यातली पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नेऊन बसवली. आमच्या वेळी त्या यादीतले फोटो पेपरात छापून यायचे आणि 'पुन्हा लातूरच!' असं म्हणत पुण्या-मुंबईचे लोक चष्मा सारखा करायचे.

आता यादी गेली, फोटो मात्र वाढले. उद्योग भवनाच्या बाजूला जो भाग आहे, त्याला रिक्षावालेसुद्धा 'ट्यूशन एरिया'च म्हणतात. तिथे चौकाचौकात डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींचे फलक, खाली त्यांचे मार्क. दर दुसऱ्या घरावर 'मुलींसाठी रूम', 'घरगुती मेस', 'अभ्यासिका, २४ तास पाणी' अशा पाट्या. २४ तास पाणी ही लातूरात केवढी मोठी जाहिरात आहे, हे २०१६ पाहिलेल्यांनाच कळेल!

आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी २०२५ च्या मे महिन्यात तिथे होतो. ४ मे, रविवार. भाचीची 'नीट' होती. ताईला घर सोडवेना, म्हणून केंद्रावर मी गेलो. दुपारी दोन ते पाच पेपर, पण दीडला फाटक बंद. पायात चपला, अर्ध्या बाह्यांचा सदरा, पारदर्शक पाण्याची बाटली. मुलं आत गेली आणि बाहेर कडुलिंबाखाली आम्ही पालक उरलो. कुणी उपरणं अंथरून आडवं झालं, कुणी पोथी काढली. लातूरचं मे महिन्याचं ऊन म्हणजे काय, ते टेक्सासवाल्या वाचकांना वेगळं सांगायला नको!

माझ्या शेजारी अहमदपूरकडचे एक शेतकरी बसले होते. मुलाची ही दुसरी खेप. 'पाहुणे, पहिल्या वर्षी फी भरली तवा बैल इकला नाही. औंदा मात्र एक एकर गहाण हाय,' ते अगदी हवापाण्याच्या सुरात बोलले. मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. मी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं.

पाच वाजले आणि थोड्या वेळानं लोंढा बाहेर आला. या परीक्षेत उत्तरपत्रिका ठेवून घेतात, पण प्रश्नपत्रिका घरी नेता येते. त्यामुळे रसवंतीपाशी पाच-सहा मुलामुलींचं कोंडाळं जमलं आणि पंचनामा सुरू झाला. प्रश्नांचे क्रम संचागणिक वेगळे.

'तुझा तेविसावा म्हणजे माझा एकतिसावा का? तो स्प्रिंगचा?'

'बी आलं माझं.'

'माझं डी. मेलो!'

'फिजिक्सनं वाट लावली लेका. पंचवीसच सोडवले.'

'बायो सोपं होतं पण.'

'सोपं सगळ्यांनाच असतं ना!'

भाची काहीच बोलत नव्हती. शेतकऱ्यांचा मुलगाही त्या कोंडाळ्यापासून दोन हात लांब, प्रश्नपत्रिकेची सुरळी करून उभा. वडलांनी विचारलं, 'कसं गेलं लेकरा?' तो म्हणाला, 'बरं गेलं.' आणि बाप लगेच माझ्याकडे बघायला लागला, जणू काही 'बरं' म्हणजे किती, ते इंजिनिअरला माहीत असणार.

आता थोडं गणित. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. म्हणजे येत असलेलं उत्तर घाईत चुकलं तर पाच मार्कांचा फरक. देशभरातून सुमारे २२ लाख मुलं, आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख. त्यातही सरकारी फीच्या जागा साधारण निम्म्या. मी त्यांना म्हटलं, 'भाऊ, ही परीक्षा पास-नापासाची नाही, रांगेची आहे. पेपर सगळ्यांना अवघड गेला असेल तर रांग तीच राहते.'

ते म्हणाले, 'खरं हाय. पण लेकराला रांग कुठं दिसतीया? त्याला त्याचा पेपर दिसतोय.'

मंडळी, इतक्या वर्षांत परीक्षेबद्दल इतकं नेमकं वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्या कोंडाळ्यात चाललेली चर्चा मला एकदम उलगडली. ही मुलं उत्तरं जुळवत नव्हती, रांगेत आपण कुठे उभे आहोत ते चाचपत होती. 'तुलाही अवघड गेलं ना?' एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

इथे अमेरिकेत आपली मुलं एसएटी देतात. २०२४ च्या मार्चपासून तीही लॅपटॉपवर आली. प्रश्न बाहेर नेता येत नाहीत आणि कुणाशी बोलायचेही नाहीत, असा नियम. नाही जमलं तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बसता येतं. लातूरच्या मुलांना पुन्हा बसायचं म्हणजे एक वर्ष, एक रूम, एक मेस आणि कधी एक एकर.

दुसऱ्याच दिवशी, ५ मे ला, बारावीचा निकाल लागला. ज्या निकालानं लातूरचं नाव झालं, त्या निकालाचे पेढे ताईनं आणले खरे, पण घरात बोलणं चाललं होतं ते फिजिक्सचंच. मधल्या काळात क्लासवाल्यांच्या उत्तरसूच्या आल्या, भाचीनं त्या उघडायला चार दिवस लावले.

'नीट'चा निकाल १४ जूनला आला तेव्हा मी परत आलो होतो. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मार्क होते. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, सुधारित निकालातसुद्धा १७ जणांना ७२० पैकी ७२० होते! रांग तीच, फक्त उतरंडीला लागली होती. भाचीला सराव परीक्षांपेक्षा बरेच कमी मार्क पडले, तरी सरकारी कॉलेज मिळालं. त्या शेतकऱ्यांना मी फोन केला. मुलगा थोडक्यात हुकला होता. 'बीएएमएसला घालतो,' ते म्हणाले. 'एक एकर सोडवायचा हाय. आता बास.' मागून मुलाचा आवाज आला, 'काकांना सांगा, मला चालतंय.'

आपल्यापैकी अनेकांची भाचे-पुतणे मंडळी यंदा-पुढच्या वर्षी अशा परीक्षांना बसतील. संध्याकाळी फोन जरूर करा, पण 'किती येतील?' हा प्रश्न टाळा. 'जेवलास का?' एवढं पुरे. बाकीचं रसवंतीवर बोलून झालेलं असतं.

ताई सांगते, जूनमध्ये लातूरच्या स्टँडवर पुन्हा गर्दी झाली: गाद्यांच्या वळकट्या, बादल्या, भाकरीची गाठोडी आणि हात धरून चालणारे बाप. ट्यूशन एरियात आमच्या भाचीची खोली आठवड्यात गेली. नवी मुलगी उदगीरची आहे म्हणे. भिंतीवर भाचीनं चिकटवलेलं वेळापत्रक तिनं तसंच ठेवलंय.