चौऱ्याण्णववर अडलेलं वायफाय

खराडीत अलीकडे उभ्या राहिलेल्या बऱ्याच टॉवरांप्रमाणे आमच्याही इमारतीत विटांच्या भिंती नाहीत. ॲल्युमिनियमचे साचे लावून, आत सळया बांधून, स्लॅबबरोबरच भिंतीही ओतलेल्या. घर भक्कम झालं, पण असल्या दोन भिंती ओलांडताना वायफायचा दम निघतो, त्यातही 5 गिगाहर्ट्झचा जास्तच. राउटर हॉलमध्ये, आईची खोली दुसऱ्या टोकाला. बहिणीशी व्हिडिओवर बोलताना तिचा चेहरा मध्येच थिजायचा आणि आई हाक मारायची, "अरे, परत गोल फिरायला लागलं बघ!" म्हणून पॅसेजच्या छताला ॲक्सेस पॉइंट लावला आणि बिल्डरने भिंतीतून आधीच ओढून ठेवलेल्या लॅन केबलने तो राउटरला जोडला.

आईच्या खोलीत सिग्नलच्या दांड्या पूर्ण भरल्या. वेग मात्र तोकडाच. प्लॅन 300 एमबीपीएसचा आणि ॲक्सेस पॉइंटच्या अगदी खाली उभं राहून मोजलं तरी 94. पहाटे 94. रात्री, जवळच्या ईऑन आयटी पार्कमधली माणसं घरी परतून सगळी इमारत ऑनलाइन असतानाही 94.

कोणी म्हणालं चॅनल बदल, कोणी म्हणालं महागातला राउटर घे. मला तो आकडाच खटकत होता. हवेतला वेग असा एका जागी टिकत नाही. दार लावलं, पाठ फिरवली, शेजाऱ्याने सिनेमा लावला, की तो वरखाली होतो. जो हलतच नाही, तो कुठेतरी अडवलेला असतो. आणि 100 एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून, प्रत्येक पॅकेटवरच्या वेष्टनाची जागा वजा जाता, हाती साधारण 94 च येतात.

लॅपटॉप थेट राउटरला तारेने जोडला, तर पूर्ण 300. मग शिडीवर चढून ॲक्सेस पॉइंटची केबल काढली आणि तीच लॅपटॉपला लावली. लिंक स्पीड, 100.

लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. 100 एमबीपीएसला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार जरी नीट टेकली नाही, तरी दोन्हीकडची यंत्रं बऱ्याचदा गुपचूप 100 वर उतरतात. नेट चालू राहतं, दिवे लुकलुकत राहतात, आणि दोष येतो वायफायवर.

इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावला. एकापासून दिवे ओळीने लागत गेले, सातवा लागलाच नाही. त्याने छताकडचा पारदर्शक प्लग टॉर्चसमोर धरला. "हे बघा दादा, पांढरी-चॉकलेटी आतपर्यंत पोचलीच नाहीये." बाकी सात तारा पितळी पात्यांखाली गेल्या होत्या, ती एकटी अलीकडेच थांबली होती. त्याने टोक छाटलं, तारा बोटांनी सरळ केल्या, रंगांच्या क्रमाने लावून एका रेषेत कापल्या आणि नवा प्लग क्रिम्प केला. आठही दिवे लागले. आईच्या खोलीत फोनवर 270 च्या पुढे वेग आला.

आईचा जुना टॅब मात्र फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, आणि तिथली गर्दी खरोखर हवेतली होती. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच: 1, 6 आणि 11. आमचं यंत्र 40 मेगाहर्ट्झ रुंदी घेऊन पट्ट्याचा निम्मा भाग अडवत होतं. ती 20 वर आणली, चॅनल 11 ठरवलं. शेजारच्या काकांनीही त्यांचं 20 वर आणलं, आणि रात्रीचं अडखळणं दोन्ही घरांत कमी झालं. दाट वस्तीत प्रत्येकाने एवढं करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, कारण हवा सगळ्यांची एकच आहे.

काही रुपयांच्या प्लगचा दोष असताना लोकांच्या गळ्यात हजारोंची यंत्रं मारली जातात, याचा मला राग येतो. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: नवीन काही घेण्याआधी आकडा बघा, 94 च्या आसपास ठाण मांडून बसला असेल तर आधी केबल तपासा. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा लगेच फोन आला. त्यांच्याकडे 93 येत होते, आणि नव्या राउटरची ऑर्डर अजून रद्द करता येत होती.