तीन खेपा

नातीला दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळाला, त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, पुस्तकात आहे ते कॉलेजात शिकवतीलच. पुस्तकात नाही ते काय शिकू?" प्रश्न साधा होता, पण इंदुरात चाळीस वर्षे लोकांच्या तोंडात डोकावण्यात घालवलेल्या मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही.

हाताची काळजी तिने करू नये. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. आरंभी दाढेऐवजी बटाटा तयार होतो, पण पुढे हात बसतो. माझाही बसला होता. बसली नव्हती ती जीभ.

१९८४ साली देपालपूरकडचा एक शेतकरी माझ्याकडे आला. खालची दाढ आतपर्यंत किडलेली; तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मी दाढ उघडली, आतली सडलेली नस काढली, औषध घातले, वर तात्पुरते सिमेंट भरले आणि 'अगले हफ्ते आना' एवढे सांगून पुढच्या रोग्याला आत बोलावले. दुसऱ्याच दिवशी त्याचा ठणका थांबला असणार. ठणका थांबल्यावर शेत सोडून, बसचे भाडे खर्चून माणूस कशाला येईल? तो आला चार महिन्यांनी, गाल सुजवून. सिमेंट कधीच झिजून गेले होते, मुळांत पू झाला होता आणि दाढ उभी चिरली होती. ती काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. काढलेली दाढ ताटलीत पडलेली पाहून तो शांतपणे म्हणाला, "आप बता देते तो आ जाता, साहब."

सांगितले तर मी होते! पण दुखणे थांबते ते नस गेल्यामुळे, रोग गेल्यामुळे नव्हे. मुळे साफ करून पक्की भरायची आहेत, वर टोपी बसवायची आहे, त्याला आणखी दोन खेपा लागतील आणि अमुक खर्च येईल, यातले अक्षरही मी उच्चारले नव्हते. हे सारे मला इंग्रजीत ठाऊक होते. आपल्या घरांतून मराठी घरात, हिंदी बाजारात आणि इंग्रजी शाळेत अशी भाषांची वाटणी झालेली. त्या वाटणीत रोग्याला समजावण्याची भाषा कोणाच्याच वाट्याला आली नव्हती. मग मी ती माझ्या कंपाउंडरकडून शिकलो. माळव्यातल्या माणसाशी तो विहिरीच्या, नांगराच्या दाखल्यांनी बोलत असे. मुळांत भरणी का करायची, हे तो विहिरीतला गाळ काढण्याच्या उपमेने माझ्याहून सरस सांगे.

खर्चाचे नाव काढणे हे मला सर्वांत जड गेले. आमच्या घरात पैसा तोंडाने मागणे असभ्य मानीत. त्यामुळे मी आकडा शेवटपर्यंत सांगत नसे आणि रोगी तो ऐकून ओशाळत असे. त्याला मी माझी सभ्यता समजत होतो. वस्तुतः तो भिडस्तपणा होता, आणि त्याची किंमत रोगी मोजीत होता. डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले, तेव्हा आरंभी त्याचा खर्च भागावा म्हणून त्यांनी चक्क सोडा फाउंटनचे दुकान चालवले. विद्येचा हिशेब मांडायला त्यांना लाज वाटली नाही, हे नातीला मी आवर्जून सांगितले.

बाकीच्या गोष्टी ओघाने येतात: वह्या नीट ठेवणे, हाताखालच्या माणसांना रोग्यांसमोर न ओरडणे, स्वतःची पाठ सांभाळणे. मात्र भयाचे तसे नाही. यंत्राचा आवाज ऐकताच धिप्पाड माणसेही खुर्चीचे हात घट्ट धरतात. "दुखलं तर डावा हात वर करा," असे मी सांगत असे. हे वाक्य पुष्कळजण म्हणतात. हात वर झाल्यावर थांबणारे थोडे. एका पोराने नुसते पाहण्यासाठी पाच वेळा हात वर केला होता. पाचही वेळा मी थांबलो. सहाव्यांदा त्याने केला नाही.

देपालपूरच्या त्या माणसानंतर मी रोग्याच्या कार्डामागे एकूण खेपा, प्रत्येक खेपेचे काम आणि खर्च हिंदीत लिहून देऊ लागलो. ज्याला वाचता येत नसे, त्याच्यासाठी तितके गोल काढी आणि आल्यागणिक एकेक भरून टाकी. कपाटात अशा कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा अजून आहे. नातीने तो पाहिला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "आबा, यातलं एक मला भरून दाखवा ना. मी रोगी. दाढ दुखते आहे आणि मला काहीच कळत नाही."

मी चष्मा पुसला आणि पहिला गोल काढला. तिने लगेच विचारले, "हा कशाचा?"