थँक्सगिव्हिंग आणि येळवस

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला की आमच्या पुण्याच्या ऑफिसात एकदम शांतता होते. अमेरिकेतल्या क्लायंटच्या मेल बंद, कॉल बंद. टीममधली नवी पोरं विचारतात, "सर, ही त्यांची दिवाळी का?" मी म्हणतो, दिवाळी नाही रे, येळवस! लातूर-धाराशिवकडचं कुणी असलं तर हसतं, बाकीच्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. म्हटलं, या शनिवारी लिहूनच काढू.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडं कर्नाटकात हा सण होतो, तोही घरात नाही, शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. ते पांडव. त्यांची पूजा झाली की ताकातली आंबील पिकात शिंपडत शेताला फेरी मारायची, आणि मग जेवायचं. जेवणात भज्जी (कांदाभजी नव्हे मंडळी! तुरीचे, पावट्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, वर बेसन आणि चिंच असं एक दाट प्रकरण), बाजरीचे उंडे, भाकरी, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला ओढून नेतो. त्या दिवशी लातूरसारखं शहरसुद्धा ओस पडतं. आमच्या परंड्यात उमरग्याकडच्याइतका दणका नसतो, पण आई तिकडची. त्यामुळं आमच्या घरात येळवस कधी चुकली नाही.

आता ओहायो. मी २००३ च्या ऑगस्टात एम.एस.ला गेलो. थँक्सगिव्हिंग त्या वर्षी २७ नोव्हेंबरला होतं. बुधवारी दुपारपर्यंत कॅम्पस रिकामं. मेस बंद, लायब्ररी बंद, बस बंद. उरलो आम्ही परदेशी पोरं आणि माझा रूममेट. तो तिथलाच, शेतकऱ्याच्या घरातला, पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची दुकानात पाळी होती (थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी तिकडं सेलची जत्रा असते), म्हणून घरी गेला नव्हता. त्यानंच सगळ्यांना जेवायला बोलावलं.

टर्की हे प्रकरण काय असतं ते तेव्हा कळलं. गोठवलेला पंधरा-सोळा पौंडांचा पक्षी फ्रिजमध्ये नुसता वितळायलाच तीन-चार दिवस घेतो. शंका विचारायला बटरबॉल कंपनीची खास फोन हेल्पलाइन असते, १९८१ पासून! म्हटलं, बघा, सपोर्टवाले इथंही आहेत. भोपळ्याचा पाय खाल्ला तेव्हा मात्र घाऱ्यांची आठवण झाली. माझ्याकडून मी डाळ आणि भात केला होता. लॅबमधल्या चिनी मुलीनं मोमोसारखं काहीतरी, आणि एका तुर्की मित्रानं भरलेली वांगी. ती सगळ्यात आधी संपली.

जेवणाआधी रूममेट म्हणाला, आमच्याकडं प्रत्येकानं आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं असतं. चिनी मुलीनं आईचं ऑपरेशन नीट झाल्याचं सांगितलं. तुर्की मित्र म्हणाला, व्हिसा मिळाला. माझी पाळी आली आणि मला काही सुचेना.

कारण त्याच रविवारी कॉलिंग कार्डावरून आण्णांशी बोलणं झालं होतं. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. रबीची पेर झालीच नव्हती. बैलजोडी बार्शीच्या बाजारात विकली होती, आणि सगळेच विकायला निघाल्यावर काय भाव मिळणार? माझ्या शैक्षणिक कर्जाला चार एकर तारण होतं. "तू त्याचा इचार करू नको," आण्णा म्हणाले होते. असं म्हटल्यावर माणूस दुसरा कसला विचार करणार!

मी म्हणालो, पुढं चला. आणि का ते पण थोडक्यात सांगितलं.

रूममेट जरा वेळ गप्प राहिला. मग त्यानं आजोबांचं सांगितलं. १९८०च्या दशकात अमेरिकेत शेतीवर मोठं संकट आलं होतं. व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले, कर्जात बुडालेल्या कितीतरी शेतांचे लिलाव झाले. १९८५ च्या ऑक्टोबरात ह्याच्या आजोबांचा ट्रॅक्टर आणि निम्मी जमीन गेली. हा तेव्हा सहा वर्षांचा. तरी नोव्हेंबरात आजीनं टेबल मांडलं, आणि लिलावात बोली लावणाऱ्या शेजाऱ्यालाही बोलावलं. आम्ही विचारलं, आजोबा काय बोलले? म्हणाला, काही नाही, बटाटे इकडे द्या म्हणाले.

मूळ कथेतही फार आबादीआबाद नव्हतीच. १६२१ साली प्लिमथला ज्यांनी कापणीची मेजवानी केली, त्यांच्यातले निम्मे लोक आधीच्या हिवाळ्यात मेले होते. जेवायला आलेल्या वाम्पानोआग लोकांच्या वस्त्या तर त्याच्या थोडंच आधी साथीनं उजाड झालेल्या. पुढं त्यांची जमीनही गेली. १९७० पासून तिथले मूळ रहिवासी ह्याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. आमच्या टेबलावर ह्यातलं काही निघालं नाही, मी नंतर वाचलं.

पण एक फरक तेव्हाच डोक्यात आला होता. त्यांचे आभार कापणी झाल्यावर. आपली येळवस असते तेव्हा ज्वारी अजून हिरवी, कणीस भरायचंय, धान्य घरात यायला दोन महिने. म्हणजे आपण ॲडव्हान्समध्ये आभार मानतो. आणि ज्या वर्षी पेरलंच नाही, त्या वर्षी?

२३ डिसेंबरला येळवस होती. सकाळी उठून पहिला फोन लावला. तिकडं संध्याकाळ झालेली.

"यंदा काय केलं न्हाई ना?"

"केलं की," आण्णा म्हणाले. "कडबा कुठला, तुराट्याची खोप घातली."

"आन् आंबील कुठं शिंपडली?"

"रानातच. दुसरीकडं कुठं शिंपडणार?"

मग त्यांनी कोण कोण जेवायला आलं होतं त्यांची नावं सांगायला सुरुवात केली. सतरा-अठरा माणसं होती. भज्जीला ओले दाणे नव्हते, आईनं वाळलेले भिजवून घातले. तेवढ्यात कार्डावरचे पैसे संपले.

कर्ज २००७ साली फिटलं, चारही एकर सुटले. बैल मात्र परत घेतले नाहीत. तेव्हापासून भाड्याचा ट्रॅक्टरच असतो.