एक वही, पाच पेन्सिली आणि रत्नागिरी

मुलांचे अब्बा दोन वर्षांनी कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा आमचा सहा वर्षांचा धाकटा त्यांच्याजवळ जायलाच तयार नव्हता. फोनवर रोज सलाम करणारा हा मुलगा अब्बा समोर बसले की दादीच्या मागे लपायचा. सुट्टी अवघी तीस दिवसांची. म्हणून आम्ही ठरवले, एक दिवस सगळ्यांनी मिळून रत्नागिरी पाहायची. मोबाईल पिशवीत राहतील आणि हातात असतील एक कोरी वही, पाच पेन्सिली, थोडे मेणाचे खडू. खोडरबर मुद्दाम घरी ठेवला. चित्रकला आमच्यापैकी कोणालाच येत नाही, हे आधीच कबूल करतो.

सकाळी उक्शी गाठले. इथल्या सड्यावर जांभ्या दगडात हत्ती कोरलेला आहे. गावकऱ्यांच्या पुढाकाराने त्याच्याभोवती संरक्षक भिंत उभी राहिली आहे. कोकणातल्या नऊ ठिकाणची अशी कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्यांतली सात ठिकाणे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली असून उक्शी त्यांपैकी एक. अभ्यासकांच्या मते यांतली काही शिल्पे दहा हजार वर्षांहून जुनी असावीत. पावसाळ्यात सड्यावर गवत माजते, त्यामुळे पाऊस सरल्यावर जाणे बरे. आणि एक विनंती: शिल्पाच्या रेघांत खडू भरू नका, त्यावर चालू नका.

दादी जानदारांची चित्रे काढत नाहीत. आमच्यासारखाच हा परहेज अनेक घरांत पाळला जातो. मग हत्ती डोळ्यांनी पाहिला आणि वहीत काढली ती सड्याची रेघ. नियम एकच, पेन्सिल कागदावरून उचलायची नाही. सडा, लांबचे डोंगर, झाडे, सगळे एका सलग रेघेत. कोणाचेच चित्र सरळ आले नाही. अब्बांचा डोंगर पाहून धाकटा दादीच्या मागूनच हसला.

तिथून थिबा राजवाड्यावर आलो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला राज्य गेल्यावर इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजाचे निधन याच गावात झाले. घरापासून दूर राहण्याची ही हकीकत ऐकताना अब्बा गप्प होते. वाड्याच्या अर्धवर्तुळाकार, नक्षीदार लाकडी खिडक्या पाहण्यासारख्या आहेत. त्यांवरून दुसरा खेळ सुचला. एकाने खिडकीची डावी बाजू काढायची, दुसऱ्याने कागद घेऊन उजवी पुरी करायची. सातवीतल्या आमच्या मुलीने कमान काढली आणि वही दादीपुढे धरली. "मला कुठे येतंय, बेटा," म्हणत दादींनी पेन्सिल मेंदीच्या कोनासारखी धरली आणि कमानीत अशी वेल भरली, की आम्ही पाहतच राहिलो. लग्नाघरी हजारदा काढलेली ती वेल कागदावर मात्र पहिल्यांदाच उतरली होती.

जोहरची नमाज आणि जेवण आटोपून भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. काजळी नदी इथे समुद्राला मिळते आणि किनाऱ्यालगत सुरूची झाडे आहेत. रुंद पाने कागदाखाली ठेवून वरून मेणाचा खडू आडवा फिरवला, तर शिरेन् शीर उमटते. हे काम सहा वर्षांच्या मुलालाही जमते. घराच्या जांभ्या चिऱ्यावर कागद ठेवून असेच करून पाहा, दगडाची जाळी कागदावर येते.

शेवटी अब्बांनी वहीवर स्वतःचा पंजा ठेवला आणि धाकट्याला म्हणाले, "याच्याभोवती रेघ मारतोस का?" तो जरा घुटमळला. मग पुढे आला, एका हाताने अब्बांचे मनगट घट्ट धरले आणि जीभ बाहेर काढून रेघ ओढली. मोठ्या पंजाच्या आत त्याचा छोटा पंजा अब्बांनी काढला. लगेच तसाच दुसरा कागदही केला. मगरिबच्या सुमारास परत निघालो, तेव्हा धाकटा अब्बांच्या खांद्यावर झोपला होता.

एक कागद आता कुवेतला आहे, दुसरा आमच्या भिंतीवर. खाली तारीख घातली आहे. इन्शाअल्लाह, पुढच्या सुट्टीत त्याच कागदावर धाकट्याचा पंजा पुन्हा काढू आणि किती वाढला ते पाहू.

तुमच्या घरीही कोणी सुट्टीवर येणार असेल, तर एक वही आणून ठेवा. चित्र चांगले यायलाच हवे असे नाही. सगळे एका कागदाभोवती बसले, एवढे पुरे.