आडाचे पाणी

सुट्टीत देवळालीला जाणार असे सांगितले की समाजातील मंडळींच्या डोळ्यांपुढे नाशिकजवळची देवळाली उभी राहते: तिथली कोरडी हवा, बंगले, आपल्या लोकांची सॅनिटोरियमे. आमची देवळाली ती नव्हे. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरेला हवा खाण्यासाठी कोणी जात नाही. मे महिन्यात तर नाहीच.

यंदा आम्ही गेलो. निमित्त झाले फ्रान्सचे. धाकटा मुलगा व सूनबाई गेल्या वर्षी तिकडे लवार नदीच्या खोऱ्यात एका जुन्या जमीनदारी घरात आठ दिवस राहून आले. जाड दगडी भिंती, काळवंडलेल्या तुळया, करकरणारा जिना, या सर्वांचे त्यांनी भाडे मोजले. 1984 पासून त्या देशात सप्टेंबर महिन्यात जुन्या वास्तू लोकांसाठी खुल्या करण्याचा प्रघात आहे आणि खासगी घरांचे मालकही त्यात दारे उघडतात, हे मुलगा कौतुकाने सांगत होता. सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, "आणि आपण आपल्या वाड्याला बारा वर्षे कुलूप लावून बसलोय."

दुसरे निमित्त त्याने बोलून दाखवले नाही. वाडा विकायचा की ठेवायचा, हे तिन्ही भावांच्या कुटुंबांना यंदा ठरवायचे होते.

भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी या भागात ऊस वाढवला, उसामागून गूळ आला आणि गुळामागून आमच्या आजेसासऱ्यांची आडत. त्या आडतीवर हा वाडा उभा राहिला. दिंडी दरवाजा, दोन्ही बाजूंना देवड्या, मग चौक, चौकात आड. समोर बैठक, मागे माजघर आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. दरवाजामागचा लाकडी अडसर पाहून नातवंडांना किल्ल्याची आठवण झाली. तो तिथे का आहे, हे मी त्यांना सांगितले. 1875 साली सुप्यात सुरू झालेल्या दंग्यांत पुणे व नगर जिल्ह्यांत मारवाडी आणि गुजराती सावकारांची कर्जखते शेतकऱ्यांनी जाळली होती. वाडा बांधला गेला तेव्हाही घरातील वृद्धांच्या मनातून ते भय गेले नव्हते. मोठ्या नातीने विचारले, "मग चूक कोणाची होती, दादी?" त्या काळच्या खतावण्या आज असत्या तर त्यांनाच विचारले असते, एवढेच मी म्हणाले. घराच्या कौतुकात ही गोष्ट लपवावी असे मला वाटले नाही.

पहिल्या दोन दिवसांतच सगळे वाड्याच्या प्रेमात पडले. बाहेर अंग भाजणारे ऊन, आत मातीच्या भिंतींची सावली. दुपारी चौकात पत्ते, सूर्यास्तापूर्वी ओळीने पंगत, रात्री माळवदावर अंथरुणे. सूनबाईंनी कोनाड्यांची छायाचित्रे काढली. पुतण्याने तर पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने देण्याचा हिशेबही मांडला.

मी गप्प होते. 1972 च्या दुष्काळात मी या घरात सून म्हणून आले. कालव्याकाठचे गाव म्हणून आडाला पाणी होते, पण दोर रोज लांबत होता. पहाटे चार वाजता उठून मी व मोठ्या जाऊबाई पाणी शेंदत असू. ते दुहेरी कापडातून गाळायचे, जिवाणी हलक्या हाताने पुन्हा आडात सोडायची, मग वीस माणसांसाठी पाणी उकळायचे. चौविहाराचा नियम घरभर होता, त्याची धावपळ मात्र चुलीपाशी होती. पावसाळ्याआधी माळवदावर माती चढवायची; तरीही एखादी धार नेमकी माजघरात गळायची आणि तिच्याखाली घंगाळ ठेवायला उठायचे ते आम्हीच. बैठकीत लोड-तक्के होते, रोजमेळ लिहिला जाई, बाजारभाव ठरत. तिथे आम्हा सुनांचा पाय पडायचा तो विहार करीत आलेल्या साध्वीजी मुक्कामाला उतरल्या की. प्रवचनाला मागच्या भिंतीशी बसून मी त्या खोलीचे छत प्रथम पाहिले. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनीही ते छत तसेच पाहिले असणार.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बैठकीतच बोलणे सुरू झाले. मोठ्या दिरांच्या मुलाचे म्हणणे, किंमत बरी येते आहे, विकून टाकू. माझ्या मुलाचे म्हणणे, असे घर पुन्हा बांधता येणार नाही. दोघांचेही खरे होते. मोठ्या जाऊबाई आज नाहीत. त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा मी बराच वेळ विचार करीत होते. मग मी विचारले, "ठेवायचा असेल तर माळवदाला माती कोण टाकणार? पाहुण्यांचे पाणी कोण भरणार? स्वयंपाक कोणाकडे?" पुतण्याच्या हिशेबात रंग होता, गाद्या होत्या, जाहिरात होती; माणूस नव्हते. कुणी बोलेना. थोड्या वेळाने सूनबाई म्हणाल्या, "आई, हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही." खरेच, मी कधी सांगितले नव्हते.

निर्णय दिवाळीपर्यंत पुढे गेला. तोवर दुरुस्तीचा खर्च तिन्ही घरांनी सारखा उचलायचा, आणि सुट्टीत जो राहायला येईल त्याने आपले काम आपण करायचे, पुरुषांनीही, एवढे मात्र लिहून ठेवले. कागद मीच लिहिला, बैठकीतल्या उतरत्या मेजावर.

त्या रात्री मी माळवदावर गेले नाही. बैठकीत गादी घालून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा या घरात सकाळी सात वाजेपर्यंत झोपले. जाग आली ती रहाटाच्या आवाजाने. मुलगा आणि नातू पाणी शेंदत होते, निम्मे चौकात सांडत होते. नातवाने गाळण्याचे कापड घागरीवर एकेरीच अंथरले होते. मी उठले नाही, लोडाला टेकूनच त्याला हाक मारून सांगितले, "दुहेरी कर. आणि जिवाणी आडात सोड, मोरीत नको."