उंदरांची एकादशी

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, तो आमच्यासारख्याच एखाद्या घरी फराळाला बसला असला पाहिजे. उपासाच्या दिवशी पाचोडातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावून पाहा. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी, आणि वर मोसंबी. ती तर आमच्या गावचीच. एवढे सगळे रांधून घरातली बाई मात्र 'माझा कडक आहे' म्हणत चहाच्या घोटावर उभी! थट्टा करायचीच तर खिचडीची करावी, त्या बाईची नव्हे.

अलीकडे उपासाला विज्ञानाचे पाठबळ मिळाले आहे. आमच्या शाळेतले विज्ञानाचे गुरुजी चतुर्थी आली की उंदरांची साक्ष काढतात. (गणपतीचे वाहनच ते, त्याची साक्ष खोटी कशी म्हणावी?) आणि साक्ष खरीच आहे. 1946 साली शिकागो विद्यापीठातल्या कार्लसन आणि होएल्झेल या जोडीने आपले निष्कर्ष छापले. त्यांनी उंदरांना ठरावीक दिवसांनी उपास घडविला होता. कुणाला एक दिवसाआड, कुणाला तीन दिवसांतून एकदा, कुणाला चार दिवसांतून. त्यांत तीन दिवसांतून एकदा उपाशी राहणारे सर्वांत भाग्यवान ठरले. नर सुमारे 20 टक्के, तर माद्या 15 टक्के अधिक जगल्या. पुढे 2012 साली मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांनी कॅलिफोर्नियात लहान उंदरांच्या दोन टोळ्यांना एकच चरबीदार अन्न दिले; एका टोळीला अष्टौप्रहर, दुसरीला दिवसातले आठच तास. दोघींनी खाल्ले जवळजवळ सारखेच. पण पहिली लठ्ठ झाली, दुसरी सडसडीत राहिली.

हे ऐकून कुणी लगेच आठवड्याचे सातही वार धरू नयेत. उंदराचा दिवस आणि माणसाचा दिवस एक नव्हे. जीव एवढासा, पण आतली भट्टी सतत पेटलेली. यकृतातला साखरेचा साठा एका रात्रीत बहुतेक संपतो. मग अंगावरची चरबी जळू लागते, आणि मागोमाग थोडे मांसही. तेवढ्या एका रात्रीत लहान उंदराचे वजन दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक उतरते. दोन-तीन दिवस गेले तर जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट. उंदीर उपास करीतच नाही. कुणीतरी त्याच्या पिंजऱ्यातले अन्न उचलून नेते, आणि ठरल्या वेळी पुन्हा आणून ठेवते. शिकागोच्या उंदरांना जे आयुष्य लाभले, त्यात त्या पुन्हा आणून ठेवण्याचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

माझ्या आजीपुढचे ताट 1972 साली उचलले गेले, आणि ते परत यायला फार दिवस लागले. त्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी हेच अन्न. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. पाट्या उचलीत होती. आजीच्या आधीच्या पिढ्या पोटभर जेवल्या असतील, असे सांगणारे घरात कुणी नव्हते.

म्हणून मला शिकागोपेक्षा पुण्याचे उंदीर जवळचे वाटतात. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 2015 साली एका उंदीरकुळाची हकीकत प्रसिद्ध केली. हे कूळ पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले होते. पिल्ले जन्मतःच हलकी. पण पोटातली चरबी अधिक, रक्तात इन्सुलिन अधिक, आणि मधुमेह जडण्याचा धोका आठपट. जिवंतपणी मिळालेल्या तुटपुंज्या घासातून शरीराने पहिली बचत केली ती चरबीची.

याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही तपासली होती. ती सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली 3.5 किलोंची. आपल्या बाळांत उणे होते ते मांस. चरबी त्या मानाने राखलेली. माझी आई काडीसारखी आहे, वजन पन्नास किलोही नाही, आणि तिला साखरेचा आजार आहे.

आमच्या गावच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने मुलींची लग्ने उशिरा व्हावीत म्हणून खेड्याखेड्यांत किशोरींचे वर्ग चालविले. ते मला या उंदरांच्याच गोष्टीतले एक पान वाटते. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. नववीच्या वर्गात मधल्या सुट्टीत डबा न उघडणारी एखादी मुलगी असतेच. आईबाप ऊसतोडीला गेलेले. विचारले की खाली मान घालून म्हणते, "उपास हाय, गुरुजी." वार कोणता, हे मी विचारीत नाही.

पुण्याची ही हकीकत मी आईला सांगितली, तेव्हा ती दिवाळीच्या करंज्या भरीत होती.

"मग त्यांना पुढं पोटभर दिलं का न्हाई?"

"दिलं ना. दोन पिढ्या दिलं. तरी फारसा फरक पडला नाही."

आई थोडा वेळ सारण चमच्याने दाबीत राहिली. माझी मुलगी शेजारी बसून कातण फिरवीत होती.

"दोनच?" आई म्हणाली. "तिसरीला द्यायला काय झालं हुतं त्यांना?" आणि तिने पहिल्या घाण्यातली करंजी तिच्या हातावर ठेवली.